भिंतीपलीकडचे मैदान
('ड्रीम' आणि 'झुंड' : दोन चित्रपटांचा एकत्र विचार)

खेळ आणि शिक्षक यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटांची एक ठरलेली वाट आहे. एखादा नामवंत पण गर्विष्ठ खेळाडू वा प्रशिक्षक काही अविचार करून बसतो. समाज किंवा न्यायालय त्याला शिक्षा देते. शिक्षा म्हणून कोणालाही नको असलेला एक संघ त्याच्या पदरात पडतो. आरंभी तो वैतागतो, मग रमतो, आणि अखेरीस आपणच अधिक शिकलो असे डोळ्यांत पाणी आणून कबूल करतो. २०२५ साली आलेला आमीर खान यांचा 'सितारे जमीन पर' याच वाटेने गेला. तो ज्या स्पॅनिश चित्रपटावर आधारलेला आहे, तो २०१८ चा 'चॅम्पियन्स'ही असाच होता. प्रेक्षक या वाटेला कंटाळत नाहीत, याचे कारण उघड आहे. पडलेल्या माणसाला उठता येते, या विश्वासाची आपणां सर्वांनाच गरज असते.

परंतु अशा प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारणे हे समीक्षेचे काम आहे, असे आम्हांस वाटते. उद्धार नेमका कोणाचा होतो? शिकवणाऱ्याचा, शिकणाऱ्यांचा, की ज्यांनी त्या शिकणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवले त्या समाजाचा? आणि जर तो केवळ शिकवणाऱ्याचाच होत असेल, तर बाकीची माणसे त्या कथेत पायऱ्यांपुरतीच नव्हेत काय? हा प्रश्न मनाशी धरून आम्ही दोन चित्रपट लागोपाठ पाहिले. एक दक्षिण कोरियाचा 'ड्रीम' (२०२३), दुसरा आपल्या नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२). अलोऱ्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात कोरियाचा चित्रपट पोचावा ही आजच्या घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रणेची किमया. तिच्यामुळेच हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहता आले.

ही तुलना आम्ही ओढूनताणून करीत नाही. दोन्ही कथांचे मूळ एकाच स्पर्धेत आहे. बेघरांचा विश्वचषक या नावाची ही फुटबॉल स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी प्रथम भरली. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड या दोघांची ती कल्पना. बेघरांनी रस्त्यावर विकून पोट भरावे म्हणून निघणाऱ्या नियतकालिकांशी दोघांचाही संबंध होता. पहिल्या वर्षी १८ देशांचे संघ आले. खेळ लहान मैदानावर, एका वेळी एका बाजूचे चारच खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव. बरोबरी राहिली तर पेनल्टीवर निकाल. पण या स्पर्धेचा आम्हांला सर्वांत बोलका वाटलेला नियम निराळाच आहे. येथे कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. एकदा खेळलेल्याने आपली जागा दुसऱ्याला द्यायची. विजेत्यांची फळी तयार करणे हा हेतू असता तर असा नियम कोणी केला नसता.

२०१० साली ही स्पर्धा ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे, कोपाकबाना समुद्रकिनाऱ्यावर भरली. दक्षिण कोरियाचा संघ त्या वर्षी प्रथमच उतरला. 'ड्रीम' त्या संघावरून सुचलेला आहे. त्याच स्पर्धेत भारताच्या संघाचे नेतृत्व नागपूरच्या झोपडपट्टीतून आलेला एक तरुण करीत होता, आणि त्याला घडवणाऱ्या चळवळीवरून 'झुंड' सुचलेला आहे. एकाच किनाऱ्यावर, एकाच आठवड्यात असलेल्या दोन संघांवर पुढे दोन देशांत दोन चित्रपट निघाले. दोघांनी एकाच अनुभवातून काय उचलले आणि काय सोडले, हे पाहण्याजोगे आहे.

आधी कोरियाचा चित्रपट. दिग्दर्शक ली ब्योंग-होन हे मुळात विनोदाचे दिग्दर्शक. त्यांचा 'एक्स्ट्रीम जॉब' (२०१९) त्यांच्या देशात अफाट चालला. 'ड्रीम'चा नायक युन होंग-दे (पार्क सो-जून) हा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे, पण नेहमी दुसऱ्या क्रमांकाचा. त्याच्या आईवर फसवणुकीचा आरोप आहे आणि ती फरार आहे. एका वार्ताहराने आईवरून डिवचताच तो भर पत्रकारांसमोर त्याच्या डोळ्यांत बोटे खुपसतो. मग मलिन झालेली प्रतिमा धुऊन काढण्यासाठी त्याला बेघरांच्या संघाचा प्रशिक्षक केले जाते. सोबत एक माहितीपटही काढायचा असतो. तो काढणारी ली सो-मिन (आययू) ही तरुणी आपल्या कामाविषयी पुरती निर्विकार झालेली आहे. जेवढा पगार तेवढाच उत्साह, असा तिचा रोखठोक हिशेब.

येथेच या चित्रपटाचा खरा विनोद आणि खरे धैर्य आहे. संघ निवडताना सो-मिन खेळ पाहत नाही, खेळाडूची कहाणी पाहते. कोणाची कहाणी ऐकून प्रेक्षक रडतील, कोणाची मुलगी दुरावली आहे, कोणाचे प्रेम अपुरे राहिले आहे, यावरून नावे ठरतात. चेंडू कोणाला मारता येतो, हा प्रश्न नंतरचा. प्रशिक्षकाने कोठे हसायचे, कोठे गहिवरायचे, हेही ती आधी लिहून ठेवते. दयेची ही आखीव मांडणी पाहून आपण हसतो, आणि हसताहसता मनात चुकचुकतो, कारण आपणही याच कहाण्यांसाठी चित्रपट पाहायला बसलेलो असतो. दुसऱ्याचे दुःख दाखवून प्रेक्षक मिळवण्याच्या धंद्यावर चित्रपटाने चित्रपटातूनच बोट ठेवले आहे.

दुर्दैवाने उत्तरार्धात हे बोट मागे घेतले जाते. ज्या युक्त्यांची आधी थट्टा केली, त्याच युक्त्या दिग्दर्शक स्वतः वापरू लागतो. संगीत चढते, डोळे भरतात, प्रत्येक खेळाडूची गाठ नेमक्या वेळी सुटते. बेघर होण्यामागची कारणे, म्हणजे बुडालेले धंदे, कर्जे, मोडलेली घरे, ही प्रत्येकाच्या खाजगी आठवणीत येतात आणि तेथेच थांबतात. घर नसणे हे त्या त्या माणसाचे दुर्दैव आहे, असा ठसा उमटतो. शहर त्यात कोठे आहे हे विचारले जात नाही. तरीही या चित्रपटाला आम्ही उणे लेखणार नाही. होंग-देचे बदलणे त्यात घाईने उरकलेले नाही. तो संत होत नाही. चिडका, तिरकस, स्वतःच्या भविष्याची चिंता करणारा माणूस तो शेवटपर्यंत राहतो; फक्त आपल्यासमोरच्या माणसांची नावे त्याला आता मनापासून ठाऊक झालेली असतात. आणि चषक जिंकण्याची भाषा न करता निदान एक गोल करण्याचे स्वप्न या संघासमोर ठेवण्यात दिग्दर्शकाने जी विनम्रता दाखवली आहे, ती खेळपटांत विरळा आढळते.

आता 'झुंड'. याची मूळ हकीकत आपल्या महाराष्ट्रातील आहे. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना भर पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिले. जितका वेळ ही मुले खेळत आहेत तितका वेळ ती व्यसनापासून आणि मारामारीपासून दूर आहेत, एवढे साधे सूत्र त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी मुलांना चेंडू दिला. 'झोपडपट्टी फुटबॉल' या नावाने स्पर्धा भरवली, आणि पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ जमले. पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था वाढली. २०१४ साली 'सत्यमेव जयते' या दूरदर्शन-मालिकेतून बारसे यांचे काम घरोघर पोचले, आणि २०१६ साली संस्थेला जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला.

मंजुळे यांनी या हकीकतीचे चरित्र केलेले नाही. त्यांचा नायक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) हा निवृत्तीला आलेला क्रीडाशिक्षक आहे. महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ती ओलांडण्यास मनाई आहे. बोराडे पावसात प्लास्टिकच्या डब्याने खेळणारी मुले पाहतो आणि दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन जातो. मुले फुकट खेळायला तयार होत नाहीत, म्हणून तो पैसे देऊ करतो. रोज खेळ, रोज पैसे. काही दिवसांनी तो सांगतो की आज पैसे नाहीत. मुले रेंगाळतात, कुरकुरतात आणि खेळू लागतात. शिकवण्याविषयी इतका खरा प्रसंग आम्ही अलीकडे पाहिलेला नाही. येथे उपदेशाचा एक शब्द नाही. ओढ लागेपर्यंत वाट पाहणे ही शिक्षकाची सगळी कला त्या दोन-तीन दृश्यांत उतरली आहे.

आमच्या पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर 'झुंड' नेहमीच्या वाटेच्या उलट जातो. बोराडेला कोणत्याही पापाचे क्षालन करायचे नाही. त्याची शिक्षा नाही, बदनामी नाही, गमावलेले पदक नाही. साहजिकच शिक्षकाच्या उद्धाराची कथा येथे उद्भवतच नाही. ही या चित्रपटाची शक्ती आहे आणि उणीवही. शक्ती अशी की, सगळे लक्ष मुलांकडे जाते. उणीव अशी की, बोराडे कधी थकत नाही, चुकत नाही, रागावून नको ते बोलत नाही. ज्यांनी चाळीस मुलांचा एक वर्ग महिनाभर जरी सांभाळला आहे, त्यांना असा शिक्षक आदरणीय वाटेल, ओळखीचा वाटणार नाही. श्री. बच्चन यांनी आपला भारदस्तपणा आवरून, मुलांच्या मागे उभे राहून काम केले आहे, हे मात्र आवर्जून नोंदवले पाहिजे.

चित्रपटाचा पूर्वार्ध महाविद्यालयाच्या संघाविरुद्धच्या सामन्याने संपतो. सर्वसामान्य दिग्दर्शकाने तेथेच चित्रपट संपवला असता. मंजुळे तेथून खऱ्या विषयाला हात घालतात. मुलांना परदेशी जायचे आहे, आणि त्यासाठी पासपोर्ट हवा. पासपोर्टसाठी ओळखीचा कागद हवा. एका आदिवासी मुलीचा (रिंकू राजगुरू) बाप मुलीला घेऊन एका दारातून दुसऱ्या दारी हिंडतो, केवळ आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी. अंकुश ऊर्फ डॉन (अंकुश गेडाम) या तरुणाची वाट पोलिसी नोंद अडवते, आणि जुने वैर त्याला पुन्हा भांडणात ओढू पाहते. फुटबॉल काही काळ बाजूस पडतो. प्रतिस्पर्धी संघाची जागा आता कार्यालयातील टेबलाने घेतलेली असते. अनेक समीक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. सुमारे तीन तासांचा चित्रपट आणखी घट्ट विणता आला असता हे आम्हीही मानतो. पण कापायचे झाले तर आम्ही सामन्याची मिनिटे कापू, त्या बापाची पायपीट कापणार नाही. सुधारायला निघालेल्या माणसाला दार उघडायचे कोणी, हा प्रश्न त्या पायपिटीत आहे. मुलगा बदलला; त्याच्या नावावरची नोंद बदलायला कोण तयार आहे?

विमानतळावरचा प्रसंग याच प्रश्नाचे टोक आहे. सुरक्षा-तपासणीच्या चौकटीतून जाताना डॉनपाशी पाते सापडते. वर्षानुवर्षे खिशात बाळगलेली ती वस्तू त्याच्या हातून सहजासहजी सुटत नाही. कबुलीजबाबाला बसलेल्या कोणालाही हा क्षण समजेल. पश्चात्ताप झाल्यावरही खिशात काहीतरी उरलेले असते, आणि ते टाकून दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मंजुळे यांनी येथे एकही मोठा संवाद ठेवलेला नाही, हे त्यांच्या जाणतेपणाचे लक्षण होय.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की त्यांच्या उणिवा एकमेकांना भरून काढतात असे दिसते. 'ड्रीम'मध्ये शिक्षक जिवंत आहे, पण भिंत दिसत नाही. 'झुंड'मध्ये भिंत वीट न् वीट दिसते, पण शिक्षकाच्या अंतःकरणातील झगडा दिसत नाही. कोरियाचा दिग्दर्शक म्हणतो, माणूस बदलला की पुरे. आपला दिग्दर्शक म्हणतो, माणूस बदलूनही पुरेसे होत नाही. आमच्या मते दुसरे म्हणणे अधिक कठोर आहे आणि अधिक खरे आहे. मात्र पहिल्याशिवाय ते कोरडे पडण्याचा धोका आहे.

या ठिकाणी शुभवर्तमानातील जक्कयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. झाडावर चढून बसलेल्या त्या जकातदाराला प्रभू येशूने प्रथम सुधारण्यास सांगितले नाही. आज तुझ्या घरी मला उतरायचे आहे, असे सांगितले. सहवास आधी, पश्चात्ताप नंतर. लोकांनी कुरकुर केली, कारण त्यांच्या हिशेबात क्रम उलटा होता. आणि जक्कयाचा पश्चात्तापही नुसत्या अश्रूंवर थांबला नाही. ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची भाषा त्याने केली. उद्धाराच्या या दोन बाजू आहेत. कोणीतरी आपल्या घरी येणे, आणि आपण घेतलेले परत करणे. 'ड्रीम' पहिली बाजू सांगतो. होंग-दे ज्यांच्याकडे केवळ प्रतिमेसाठी गेला, त्यांच्यात तो नकळत राहू लागतो. 'झुंड' दुसरीची आठवण करून देतो. त्या मुलांचे मैदान, त्यांचे कागद, त्यांचे नाव, हे सारे कोणीतरी घेतलेले आहे आणि ते परत करायचे आहे.

म्हणूनच हे दोन्ही चित्रपट आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी पाहावेत असे आम्ही सुचवतो, आणि करमणुकीखेरीज आणखी दोन कारणांसाठी सुचवतो. पहिले कारण सो-मिनच्या कॅमेऱ्याचे. आपल्या संस्था गरजूंना वह्या, धान्य, ब्लँकेटे देतात. ते देताना छायाचित्र काढले जाते आणि ते अहवालात छापले जाते. घेणाऱ्याचा चेहरा त्यात असतो, नाव बहुधा नसते. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो हे खरे. पण ज्याच्या हातात ब्लँकेट आहे त्याला आपण चेहरा म्हणून निवडले की माणूस म्हणून, हे 'ड्रीम' पाहिल्यावर स्वतःला विचारावेसे वाटते.

दुसरे कारण मैदानाचे. कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने अलोरे, पोफळी, कोळकेवाडी या परिसरात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत महाराष्ट्राच्या नाना जिल्ह्यांतील माणसे एकत्र आली. सरकारी वसाहतीत घरांनाही श्रेणी असते. साहेबांची घरे निराळी, कामगारांच्या खोल्या निराळ्या. मैदानाला मात्र श्रेणी पाडता येत नाही. चेंडू ज्याच्या पायाशी येईल त्याचा. शाळांतून आज खेळाचा तास गणिताला किंवा अपुऱ्या अभ्यासक्रमाला देऊन टाकला जातो, क्रीडाशिक्षकाला निवडणुकीची आणि कार्यालयाची कामे दिली जातात, आणि मोकळ्या मैदानाला कुंपण पडून फाटकाला कुलूप लागते. पालक म्हणून आपण याविरुद्ध बोलत नाही. उलट दहावीच्या वर्षी मुलाने खेळ सोडला की सुटकेचा निःश्वास टाकतो. बारसे यांच्यासारखे काम करायला झोपडपट्टी शोधत जावे लागत नाही. शाळा सुटल्यावर आपल्या शाळेचे वा चर्चचे मैदान कोणाकोणासाठी उघडे राहते, हे पाहिले तरी आरंभ होईल.

पालकांसाठी एक सूचना. 'झुंड'मध्ये व्यसन, चोरी, मारामारी आणि रांगडी भाषा आहे. लहान मुलांना एकटे बसवून दाखवण्याचा तो चित्रपट नव्हे. आठवी-नववीच्या पुढील मुलांबरोबर बसून अवश्य पाहावा. 'ड्रीम' सर्वांनी मिळून पाहण्याजोगा आहे. त्यातले विनोद उपशीर्षकांतूनही पोचतात. दोन्ही चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना इतकेच विचारावे, की प्रशिक्षकाखेरीज किती जणांची नावे आठवतात. आम्ही हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. 'ड्रीम'मधल्या माणसांच्या कहाण्या आठवल्या. 'झुंड'मधली नावे आठवली. खेळपटांची पारख करण्यास यापेक्षा मोठी फूटपट्टी लागते असे आम्हांस वाटत नाही.